मी फक्त सीरियल सांगितली होती

मी नोकरीतून रिटायर झाले त्या दिवाळीत मुलगी पुण्याहून आली, आणि जाताना आमच्या टीव्हीत तिच्या खात्याचं ॲप घालून गेली. "आई, आता दुपारभर भांडी घासत बसू नकोस," ती म्हणाली. "ही एक कोरियन सीरियल लावून देते. पहिले दोन भाग बोअर होतील. तिसऱ्यापर्यंत धीर धर."

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत फाइली या टेबलावरून त्या टेबलावर केल्या होत्या, त्यामुळे धीर धरणं मला येत होतं. तिसऱ्या भागात एक गरीब आई मुलीच्या डब्यात अंडं ठेवते आणि स्वतः कोरडा भात खाते. तिथे मला रडू आलं. ह्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. तिनं स्वतःला अंडं घेतलं नाही."

हे परत पेपरात गेले.

वर्षभरात मी आमच्या इंदूरच्या कॉलनीतली त्या विषयातली जाणकार होऊन बसले. आमचं मराठी महिला मंडळ आहे, पंधरावीस बायकांचं. महिन्यातून दोनदा भजन, अधूनमधून हळदीकुंकू, एरवी पोहे आणि गप्पा. तिथे बायका मला विचारायला लागल्या, "आता काय बघू ग?" मी उलट विचारायची, "तुला रडायचंय की हसायचंय?" आणि मग विचार करून सांगायची. घरात आजारी माणूस असेल तर हॉस्पिटलातली गोष्ट बघायची नाही. जुन्या राजेरजवाड्यांची बघायची असेल तर कोण कोणाचा काका, हे कळेपर्यंत चार भाग जातात, तेवढी सवड पाहिजे. उपास असेल त्या दिवशी तर कोणतीच लावू नये, कारण ते लोक दर दहा मिनिटांनी जेवायला बसतात. हिंदी डबिंगमध्ये सगळ्या सासवा एकाच बाईच्या आवाजात बोलतात, त्यापेक्षा खालची अक्षरं वाचा, असं मी आग्रहानं सांगायची. माझं सांगणं सहसा चुकायचं नाही. दुसऱ्या दिवशी बायका रस्त्यात थांबवून म्हणायच्या, "बरोब्बर सांगितलंस, कसं ओळखलंस मला काय आवडेल?"

कचेरीत माझं मत कोणी कधी विचारलं नव्हतं. साहेब विचारायचे ते फाइल कुठे आहे एवढंच. त्यामुळे हे सगळं मला फार गोड लागत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या गोडीचाही हात आहे.

आमच्या समोरच्या घरात माझी मैत्रीण राहते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला वहिनी म्हणते. पंचवीस वर्षांचा शेजार. तिचे यजमान गेले तेव्हा मी तिच्याकडे तेरा दिवस होते. ह्यांचं हार्टचं ऑपरेशन झालं तेव्हा वहिनींनी चाळीस दिवस दोन्ही वेळचा डबा दिला, आणि त्यांचा मुलगा, तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, हॉस्पिटलात ह्यांच्या पलंगाशेजारी बाकावर झोपला. त्या घराचं मीठ मी नुसतं बोलण्यापुरतं खाल्लेलं नाही.

त्या मुलाचं लग्न झालं आणि सून आली महूची. वडील फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, आई लहानपणीच गेलेली. मुलगी केमिस्ट्रीत एमएससी. लग्नाआधी दोन वर्षं महूच्या एका शाळेत शिकवत होती. लग्न ठरवताना मुलाकडून सांगितलं होतं की नोकरीचं नंतर बघू. ते नंतर काही येत नव्हतं.

एका दुपारी तीनच्या सुमारास ती वाटीत चटणी घेऊन आली. "आईंनी पाठवलीये." माझा टीव्ही चालू होता. वाटी हातात तशीच धरून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, ही मी होस्टेलात अर्धी बघितली होती. पुढे काय झालं ते माहीतच नाही पडलं."

"मग बस की."

"आईंना सांगून नाही आले."

"मी सांगते. तू माझ्याकडे क्रोशा शिकतेस, असं सांगते."

मला क्रोशाचा एकच टाका येतो. वहिनींना मी सांगितलं, त्यांनी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सुई आणि पांढरा दोरा घेऊन तीन वाजता यायला लागली. एक गोल रुमाल तिनं विणायला घेतला होता. तो आठ महिने तळहाताएवढाच राहिला. त्याबद्दल वहिनींनी कधी चकार शब्द काढला नाही. मला तेव्हा वाटायचं, त्यांचं लक्ष नसेल.

सीरियल बघताना माणूस शेजारच्याकडे बघत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. ती तसंच बोलायची, समोर डोळे ठेवून. संध्याकाळी नवरा घरी आला की तिचा फोन जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. पासवर्ड त्यानं काढून टाकला होता. "लपवण्यासारखं काही नाही ना, मग पासवर्ड कशाला?" असं त्याचं म्हणणं. एकदा त्याच्या दोस्तांसमोर तो काहीतरी चुकीचं बोलला आणि ती हसली, तर अकरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मीठ पाहिजे असलं तरी आईला सांगायचा, "आई, हिला सांग मीठ दे." तिच्या मार्कशीटा, डिग्री, सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं वहिनींच्या कपाटात होती. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी मागून घेतली होती, "सांभाळून ठेवते" म्हणून.

"मारत वगैरे नाही हं काकू," ती एकदा म्हणाली. "मतलब, सांगण्यासारखं काहीच नाही माझ्याकडे. बाबांना काय सांगू, मीठ मागत नाही म्हणून?"

मी तिला सीरियल सांगत गेले. आधी हलक्याफुलक्या. मग एक दिवस बराच विचार करून मी तिला ती बसवालीची सांगितली. एक बाई तेरा वर्षं सासरी राबते, एके सकाळी भांडी घासून, पालथी घालून, घरातून निघते, समुद्राकाठच्या एका गावात जाते आणि तिथे बस चालवायला शिकते. फार काही घडत नाही त्यात. बाई बस चालवते, म्हाताऱ्या माणसांना चढवते-उतरवते, आणि हळूहळू तिचा चेहरा बदलतो. मी ती तिला मुद्दाम सांगितली. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर मी याच्या उलट बोलले.

तिनं ती एकटीनं नाही, माझ्याबरोबर बघितली, रोज एक भाग. ज्या दिवशी संपली त्या दिवशी ती उठली नाही. म्हणाली, "काकू, सिमरोलकडे त्या मोठ्या कँपसच्या जवळ एक शाळा आहे. लॅबमध्ये शिकवायला बाई पाहिजे त्यांना. मंडळातल्या कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं."

"मग अर्ज कर," मी म्हणाले. "करून तर बघ. पुढचं पुढे."

अर्ज माझ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर भरला. फोन नंबर माझा दिला. सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स तिच्या वडिलांकडे होत्या, त्या त्यांनी फोटो काढून माझ्या फोनवर पाठवल्या. तीन आठवड्यांनी इंटरव्यूचा फोन आला तो मीच घेतला. वहिनींना सांगितलं, जुनी इंदूरला माझ्या मामींना बघायला जातेय, एकटीला कंटाळा येतो, सुनेला घेऊन जाते. तिनं माझी निळी कॉटनची साडी नेसली, माझ्याच घरात. आम्ही भंवरकुव्याच्या चौकापर्यंत रिक्षानं गेलो आणि पुढे बसनं. ती आत होती तेवढा वेळ मी शाळेच्या गेटपाशी चौकीदाराच्या खुर्चीवर बसून होते. बाहेर आली तेव्हा तिची चाल वेगळी होती. "त्यांनी विचारलं, ॲसिड सांडलं तर पहिलं काय कराल," ती म्हणाली. "मी एकदम मुलांना ओरडते तशी ओरडले, मागे व्हा सगळे. ते हसायला लागले." परतीच्या बसमध्ये आम्ही शेंगदाणे खाल्ले. इतक्या आनंदात मी तिला लग्नात सुद्धा बघितलं नव्हतं.

चार दिवसांनी निवड झाल्याचा निरोप आला. पंधरा दिवसांत ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हायचं होतं.

"काकू, आईंना तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

इतके दिवस सगळं तीन ते पाचमध्ये, माझ्या बैठकीत, टीव्हीसमोर चाललं होतं. आता ते रस्ता ओलांडून समोरच्या घरात न्यायचं होतं. मी म्हणाले, "आधी तू सांग. घरातलं घरात बोलावं. काही लागलं तर मी आहेच समोर."

तिनं सुईदोरा आवरला. मग "ठीक आहे" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ते तिघं माझ्याकडे आले. वहिनी, मुलगा आणि ती. हे घरात होते. मी सवयीनं चहा ठेवला. कप वाटून झाले. मग मुलगा म्हणाला, "काकू, बुरा नका मानू. मला बस एक गोष्ट क्लिअर करायची आहे." आवाज नेहमीसारखा, नम्र. हॉस्पिटलात नर्सशी बोलायचा तसा.

त्याला हातानं थांबवून वहिनी म्हणाल्या, "मी विचारते. अगं, ही म्हणते की हिनं नोकरीचा अर्ज केला आणि तू हिच्याबरोबर सिमरोलला गेली होतीस. मी हिला सांगितलं, हे शक्यच नाही. पंचवीस वर्षांची मैत्रीण माझी. मला न विचारता माझ्या सुनेला ती असं घेऊन जाणार नाही. हो ना?"

खोटं बोलायचा माझा विचार नव्हता. रात्रभर मी काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. शिकलेली मुलगी आहे, तुमचंच नाव होईल, कँपसची बस असते, चारपर्यंत घरी येईल. पण वहिनींनी प्रश्न असा विचारला की नाही म्हणायला नुसती मान हलवली तरी पुरलं असतं. मी कपाकडे बघत म्हणाले, "मी फक्त सीरियल सांगितली होती. बाकी हिचं काय चाललंय ते मला कसं ठाऊक असणार?"

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. कप बशीत ठेवला, कपाचा कान सरळ केला आणि सासूला म्हणाली, "बरोबर आहे. काकूंना काही माहीत नव्हतं. मी एकटीच गेले होते."

मुलगा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे कोणाला म्हणाला ते कळलं नाही. ते उठले. दारात वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर ह्यांनी पेपरची घडी केली. "तू गेली होतीस ना सिमरोलला?"

"हो."

"मग?"

"मग काय? चाळीस दिवस डबा कोणी आणला होता?"

ह्यांनी घडी परत उघडली. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर मी कदाचित तेव्हाच चपला घालून समोर गेले असते. पण ह्यांना घरात शांतता लागते आणि डॉक्टरांनीही तसंच सांगितलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी येऊन गेल्यावर मी फाटकापाशी होते. तिचे वडील रिक्षा घेऊन आले होते. ती एक बॅग घेऊन बाहेर आली. "थोडे दिवस माहेरी राहून डोकं शांत होऊ दे," असं त्या घरानं ठरवलं होतं. सुभेदार साहेबांनी मला नमस्कार केला. तिनं केला नाही. बॅग आत सरकवली आणि बसली.

मंडळात मग बोलणं झालं. एकीचं म्हणणं, सीरियलमुळे मुलींच्या डोक्यात हवा जाते. दुसरी म्हणाली, आमची सून तर भारतीय सीरियल बघून सुद्धा उलटून बोलते. हशा झाला. कोणी मला दोष दिला नाही. "हिनं बिचारीनं करमणूक म्हणून सांगितलं, हिला काय माहीत," असं माझ्याबद्दल सगळ्या म्हणाल्या, आणि मी पोह्यांवर शेव घालून देत राहिले.

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी माझ्या फोनवर तिचा मेसेज आला. 'काकू, बाकी काही नको. फक्त सर्टिफिकेटं मिळवून द्या. मी मागितली तर देत नाहीत. अजून आठ दिवस आहेत.'

मी लिहिलं, 'बघते.'

आणि खरंच बघायला गेले. दुपारी वहिनी एकट्याच होत्या. त्यांच्या खोलीत पलंगावर बसले. कपाट समोर होतं, किल्ली कपाटालाच लटकत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दुपारी घर खायला उठतं ग आता. बोलायला कोणी नाही. ते तुझं कोरियन काय असतं, मला पण सांग ना एखादं. पोरानं फोनवर ॲप घालून दिलंय."

आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "रडायचंय की हसायचंय?"

"रडायचंय," वहिनी म्हणाल्या.

मी विचार केला. खरंच केला, जसा सगळ्यांसाठी करायची. मग त्यांना एक सांगितली. एका म्हाताऱ्या आईची, जिची मुलं पांगतात. त्यांच्या फोनवर शोधून दिली, अक्षरं मोठी करून दिली, पहिला भाग त्यांच्याशेजारी बसून बघितला. त्या रडल्या. त्यांना पाणी आणून दिलं. पाच वाजता मी घरी आले. सर्टिफिकेटांचा विषय निघालाच नाही. निघाला नाही म्हणजे मी काढला नाही.

परत एकदा मेसेज आला, 'काकू, तीन दिवस राहिले.' तो मी उघडून वाचला. तिला तिकडे दिसलं असणार की वाचलाय. त्याला मी उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी मी तिचं मेसेजचं पानच पुसून टाकलं.

वहिनी पुढे फार लवकर पटाईत झाल्या. दोन महिन्यांत पाच सीरियल संपवल्या. पुढे तर तीन वाजता माझ्याकडेच यायला लागल्या, मोठ्या टीव्हीवर बघायला. ज्या जागेवर सून बसायची तिथेच, कारण तिथून अक्षरं नीट दिसतात. एका सीरियलमध्ये सासू सुनेला पाहुण्यांसमोर पायपुसण्यावर बसवते, ते बघून वहिनी कळवळल्या. "किती छळतात ग. माणसं आहेत का कोण आहेत?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यात काही ढोंग नव्हतं. त्यांना खरंच त्या मुलीचं वाईट वाटत होतं.

सात महिने असे गेल्यावर मी महूला गेले. मुलीच्या एका प्रश्नावरून हे झालं. फोनवर तिनं सहज विचारलं, "तुझ्या त्या समोरच्या दोस्तची नोकरी कशी चाललीये?" अर्ज भरताना लॅपटॉपचा पासवर्ड तिलाच विचारला होता, त्यामुळे तिला तेवढं माहीत होतं. मी म्हणाले, "चाललीये." फोन ठेवला आणि मला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना सांगून बस पकडली.

सुभेदार साहेबांनी दार उघडलं. मला ओळखून एक क्षण थांबले, मग म्हणाले, "या. बसा." घर लहान, टापटीप. आतल्या खोलीत दहाबारा मुलं जमिनीवर बसलेली, आणि भिंतीवरच्या फळ्यावर तिचं अक्षर. ती मुलांना गणित लिहायला देऊन बाहेर आली. वाळली होती. केस कापले होते.

"कशा आहात काकू? काकांची तब्येत?"

दोघंही बरे आहोत म्हटलं. सिमरोलचं विचारलं.

"ते तर तेव्हाच गेलं," ती म्हणाली. "त्यांनी आठ दिवस वाढवून पण दिले होते, चांगले होते लोक. पण कागद नव्हते. मग युनिव्हर्सिटीत डुप्लिकेटसाठी फॉर्म भरले, खेपा घातल्या. मागच्या महिन्यात मिळाले. आता जागा निघेल तेव्हा बघू. तोपर्यंत ही ट्यूशन."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?" मी विचारलं. "माझ्या घरात, त्या दिवशी. माझ्या फोनवर सगळं होतं. दाखवा म्हणाली असतीस तर मला दाखवावं लागलं असतं."

ती चकित झाल्यासारखी बघत राहिली. "मी दाखवा म्हणायला पाहिजे होतं?"

मी आतल्या फळ्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला तिथेच राहायचं होतं काकू," ती म्हणाली. "मला नव्हतं. म्हणून मी म्हटलं की तुम्हाला माहीत नाही. मला वाटलं, चला, ह्या सुटल्या तर नंतर कागद तरी काढून देतील. मी हिशोबानंच बोलले. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

सुभेदार साहेब चहा घेऊन आले. तेवढ्यात काही बोलायचं म्हणून मी विचारलं, "सीरियल बघतेस का अजून?"

"नाही. वेळ नसतो. आणि त्यात ना, शेवटच्या भागात सगळे येऊन माफी मागतात. सासू, नवरा, सगळे. आणि मग ती रडते आणि सगळ्यांना जेवायला वाढते. आधी मला आवडायचं ते. आता नाही बघवत."

मी माफी मागायलाच आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवून आणली होती. आता ती बोलायची तर सगळं त्या शेवटच्या भागासारखं दिसलं असतं, आणि न बोलता उठायचं तर मी सर्टिफिकेटांच्या वेळी केलं तेच परत केलं असतं. शेवटी मी म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

आतून एका मुलीनं हाक मारली, "दीदी, हो गया." ती उठून आत गेली. मी चहा संपवला. सुभेदार साहेब फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "उन्हाच्या आत निघा, बस मिळेल लगेच." ते चांगले गृहस्थ आहेत. तिनं त्यांना माझ्याबद्दल किती सांगितलंय ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

घरी आल्यावर मी ठरवलं की वहिनींना सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या आल्या, जागेवर बसल्या. मी टीव्ही लावला नाही. म्हणाले, "वहिनी, मी सिमरोलला गेले होते तिच्याबरोबर. अर्ज पण माझ्याच घरून गेला होता. त्या दिवशी मी खोटं बोलले."

वहिनींनी चष्मा काढून पदराला पुसला. "मला माहीत होतं ग."

मी हातातला रिमोट खाली ठेवला.

"मंडळातल्या एकीनं तुम्हा दोघींना भंवरकुव्याला बघितलं होतं बसमध्ये चढताना. तिनं मला त्याच संध्याकाळी फोन केला होता. आणि तो क्रोशाचा रुमाल, मला काय विणकाम कळत नाही?" चष्मा परत लावत त्या म्हणाल्या, "म्हणून तर मी तुला तसं विचारलं, मुलासमोर. तुला हो म्हणायची वेळ येऊ नये म्हणून. तू हो म्हणाली असतीस तर माझा मुलगा परत तुमच्या घराची पायरी चढला नसता, आणि मी पण कुठे तोंड दाखवलं असतं? तू माझी लाज राखलीस. हे मी विसरणार नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. हात उबदार होता, नेहमीसारखा. त्याच हातांनी चाळीस दिवस डबा भरला होता, आणि कपाटाला किल्लीही त्याच हातांनी लावली होती. मी विचारलं, "मग सर्टिफिकेटं का नाही दिलीत?"

"देणार होते," त्या म्हणाल्या. "तू मागायला आलीस ना त्या दिवशी, मला वाटलं तू मागशील. मागितली असतीस तर दिली असती. तू काही बोललीच नाहीस, मग मी म्हटलं, चला, हिलाही पटलंय."

हे खरं होतं की तेव्हा सुचलेलं होतं, मला माहीत नाही. विचारून कळलं नसतं. सर्टिफिकेटं अजून त्या कपाटातच आहेत. कोर्टात घटस्फोटाच्या तारखा चालू आहेत, मुलगा म्हणतो, मला काही घाई नाही. मी सीरियल सांगणं बंद केलं आहे. मंडळात कोणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगते. वहिनींकडे जाणं मात्र बंद केलेलं नाही. त्यांचे गुडघे आता दुखतात, रस्ता ओलांडायला त्रास होतो, म्हणून बहुतेक दिवशी मीच जाते.